बारा ते एक

१

पस्तीस वर्षं मी रुग्णालयाच्या क्ष-किरण विभागात नोंदी सांभाळल्या. फिल्म कोणाची, तारीख कुठली, पाकीट कितव्या फडताळात. एकदा एका म्हाताऱ्याची फिल्म हरवली आणि त्याचं ऑपरेशन आठ दिवस लांबलं. तेव्हापासून मी प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवायला लागलो. विभागात माझं नावच ‘डबलराव’ पडलं. निवृत्तीच्या दिवशी मला निरोपपत्रंही दोन मिळाली, शब्दन् शब्द सारखी.

सवय जहाजावरही सुटली नाही. दुपारी जेवण झालं की बाकीचे प्रवासी आडवे व्हायचे आणि मी केबिनमधल्या चिंचोळ्या टेबलाशी फोटो उतरवत बसायचो. कॅमेऱ्यातलं कार्ड लॅपटॉपला लावायचं, फोटो दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यायचे, वहीत आकडा लिहायचा. एक डिस्क माझ्या खांद्याच्या पिशवीत, दुसरी कपाटातल्या छोट्या तिजोरीत.

“आग लागली तर आधी मला बाहेर काढाल की डिस्क?” ही विचारायची.

“तुझी दुसरी प्रत नाही,” मी म्हणायचो. “त्यामुळे आधी तुला.”

हिच्या हृदयाचं ऑपरेशन होऊन सहा महिने झाले होते. शिवणकामाचे वर्ग बंद, जिने चढणं बंद, सगळंच बंद. लेक दुसऱ्या शहरात असते, ती म्हणाली, बाबा, आईला समुद्रावर न्या, अकरा दिवस नुसती बसू दे. तिची अट एकच, रोज फोटो पाठवायचे आणि तीन वाजता फोनवर तोंड दाखवायचं. केबिनमध्ये नेट मिळत नसे. सहाव्या मजल्यावर वाचनालयाच्या दाराशी इंटरनेटचा काउंटर होता, तिथे मिळायचं, तेही लहर लागली तर. मी लॅपटॉप तिथल्या बाईंकडे सोपवायचो. तासाभरात दिवसाचे फोटो आपोआप लेकीच्या अल्बममध्ये जाऊन पडायचे.

जहाज पूर्वेकडे चाललं होतं. त्यामुळे दर दोन दिवसांनी घड्याळ एक तास पुढे घ्यावं लागे. हे काम ते भर दुपारी करायचे. बारा वाजले की भोंग्यावर आवाज यायचा, “प्रवाशांनी घड्याळं एक तास पुढे करावीत. आता एक वाजला आहे.” लोक हसत हसत मनगटाशी खुडबुड करायचे आणि थेट जेवायला जायचे.

२

तिसऱ्या दिवशी वहीतला आकडा चुकला.

मी काढलेले फोटो एकेचाळीस. कार्डावर बेचाळीस. जास्तीचा फोटो आमच्या केबिनबाहेरच्या लांबलचक बोळाचा होता. निळा गालिचा, पितळी कठडा, दोन्ही बाजूंना दारं. सगळी दारं सताड उघडी.

मी तो बराच वेळ बघत बसलो. बोळ आमचाच होता. पण जहाजावरची दारं उघडी राहत नाहीत. सोडलं की आपोआप मिटतात. सामान आत घेताना मला दोनदा ढोपरावर बसली होती.

फोटोवरची वेळ बारा वाजून वीस मिनिटं. त्या दिवशी बारा वाजून वीस मिनिटं झालीच नव्हती. बारानंतर एक वाजला होता.

“कॅमेऱ्याचं घड्याळ तुम्ही उशिरा पुढे केलं असणार,” ही म्हणाली. ती पलंगावर पाय चोळत बसली होती. “आणि बटण चुकून दाबलं गेलं असेल.”

पटण्यासारखं होतं. घड्याळ मी जेवणाच्या टेबलावर, दीडच्या सुमाराला, पुढे केलं होतं खरं.

“पाय का चोळतेस?”

“पोटऱ्या भरून आल्यात. आज फार चाललो ना आपण.”

“कुठे चाललो? सकाळपासून खुर्चीत तर बसलोय.”

ती हसली. “हो की. मला आपलं वाटलं.”

३

पाचव्या दिवशी मी भोंग्यासरशी, बाराच्या ठोक्याला, कॅमेऱ्याचं घड्याळ पुढे केलं. शेवटच्या फोटोचा क्रमांक वहीत लिहिला. चारशे बारा. घड्याळ बदलल्याबरोबर समुद्राचा एक फोटो काढला. त्याचा क्रमांक चारशे तेरा यायला हवा होता.

आला चारशे सोळा.

मधले तीन फोटो मी केबिनमध्ये जाऊन पाहिले. तिन्ही मोठ्या जेवणघराचे. टेबलं मांडलेली, काट्या-चमच्यांच्या ओळी, दुमडलेले रुमाल, ग्लासांत पाणी. माणूस एक नाही. पहिल्या फोटोत पार टोकाला एक बाई पाठमोरी उभी होती. दुसऱ्यात ती थोडी पुढे. तिसऱ्यात तिचा जांभळा स्वेटर स्पष्ट दिसत होता. डाव्या कोपरावर शिवलेला ठिगळाचा तुकडा ओळखू येत होता. ते ठिगळ हिनेच लावलेलं. बाजारात तसलं मिळत नाही.

माझी बुद्धी शाबूत होती. मी कारणांची यादी केली. कोणीतरी कॅमेरा उचलला. कार्ड खराब आहे. जुने फोटो वर आले. प्रत्येक कारणाला दोन-दोन प्रश्न विचारले आणि प्रत्येक कारण दुसऱ्याच प्रश्नाला कोसळलं. कॅमेरा माझ्या गळ्यात होता. पट्ट्याचा वळ अजून मानेवर होता.

हिला दाखवू का? तिचं हृदय आठवलं आणि लॅपटॉप मिटला.

त्या दिवशी ती जेवणावर अशी तुटून पडली की वाढपी बघत राहिला. “काय भूक लागली हो,” ती म्हणाली. “किती वेळाने जेवतोय आपण!”

४

सातव्या दिवशी अकरा वाजताच मी कॅमेरा तिजोरीत बंद केला. बारा वाजले, एक वाजला. जेवून आल्यावर कुलूप उघडलं, कार्ड लॅपटॉपला लावलं, फोटो उतरवायला टाकले आणि न बघताच लॅपटॉप काउंटरवर देऊन आलो. खरं सांगायचं तर बघायचा धीर होत नव्हता.

तीन वाजता लेक फोनच्या पडद्यावर आली. कानात इयरफोन, हातात डबा.

“बाबा, आजचा फोटो कसला सुंदर आला आहे! पहिल्यांदा तुम्ही दोघं एकत्र. नाहीतर दरवेळी आई एकटीच. कोणाकडून काढून घेतलात?”

“कुठला गं?”

“जिन्याचा. आई कशी हसतेय बघा ना. किती दिवसांनी अशी हसली. तुम्ही मात्र नेहमीसारखे. डोळे मिटलेले.”

फोन हिच्या हातात दिला आणि काउंटरवरून लॅपटॉप घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत उघडला.

जिना जहाजाचाच होता, पण मी कधी न उतरलेला, खाली जाणारा. पहिल्या पायरीशी मी उभा. हात दोन्ही बाजूंना सोडलेले, डोळे मिटलेले. जांभई देताना किंवा शिंकताना मिटतात तसे नाही. उभ्याउभ्या झोपलेल्या माणसासारखे. माझ्या दोन पायऱ्या खाली ही. मान वर करून कॅमेऱ्याकडे बघत होती आणि खरोखरच फार गोड हसत होती. ओळखीच्या माणसाकडे बघून हसावं तशी.

वेळ, बारा सत्तेचाळीस.

मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं, घड्याळ पुढे घेताना नेटचं काय होतं? त्या कामात होत्या, मान वर न करता म्हणाल्या, “नेट वापराच्या यादीत तेवढी एका तासाची रिकामी जागा राहते. तो तास कोणी वापरलेलाच नसतो ना.”

“नेहमी रिकामीच असते?”

“असणारच.” त्यांनी यादी सरकवली आणि बोट थांबलं. “हे काय? तुमची केबिन कोणती म्हणालात?”

मी सांगितली.

“तुमचं खातं चालू दिसतंय. बारा ते एक. बाकी अख्ख्या जहाजात कोणाचं नाही.” त्यांनी पडदा पुसल्यासारखं केलं. “घोटाळा असेल काहीतरी. घड्याळ बदललं त्या सगळ्याच दिवशी दिसतोय. तक्रार लिहून घेऊ का?”



५

नवव्या दिवशी घड्याळ शेवटचं बदलायचं होतं. मी ठरवलं, या खेपेला हिला हातातून सोडायचं नाही.

वरच्या मजल्यावर काचेची एक मोठी खोली होती. ऊन आत यायचं, वारा बाहेर राहायचा. तिथे साडेअकरालाच खुर्च्या धरल्या. आजूबाजूला पन्नासेक माणसं, गप्पांचा कलकलाट. कॅमेरा तिजोरीत होता, बॅटरी काढून. कार्ड माझ्या शर्टाच्या खिशात. हिचा उजवा हात मी दोन्ही हातांत धरला.

“अहो, लोक बघतायत.”

“बघू देत.”

“काय झालंय तुम्हाला? दोन दिवस बघतेय. झोपत नाही, नीट जेवत नाही.”

“एक वाजला की सांगतो.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. छत्तीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर फार वेळा चिडली, पण घाबरली कधी नव्हती. त्या क्षणी थोडी घाबरली. तिने बोटं माझ्या बोटांत घट्ट गुंतवली आणि हळूच म्हणाली, “सोडू नका मग.”

भोंगा वाजला. “आता एक वाजला आहे.”

लोक हसले, मनगटं वळली, खुर्च्या सरकल्या. माझ्या हातात हात होता. उबदार, तोच. ती माझ्याकडे बघत होती.

“वाजला एक,” ती म्हणाली. “चला, जेवू या.”

माझ्या जिवात जीव आला. डोळ्यांत पाणीच आलं. उठताना समोरचा चहाचा कप उचलला. भोंग्याआधी वाफाळत होता. आता त्यावर साय धरली होती आणि कप गार होता.

केबिनमध्ये जाऊन खिशातलं कार्ड लॅपटॉपला लावलं. नवा फोटो एकच.

ती काचेची खोली. खुर्च्या रिकाम्या. मधोमध मी, डोळे मिटून बसलेलो, आणि कोणाचा तरी हात दोन्ही हातांत जपून धरलेला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईची पाठ दिसत होती. जांभळा स्वेटर, सैल अंबाडा. आणि काचेच्या पलीकडे, बाहेरच्या मोकळ्या डेकवर, वाऱ्यात केस उडालेली ही. दोन्ही तळवे काचेवर आपटलेले. तोंड उघडं. मला हाक मारत असावी.

मी धावत वर गेलो. बाहेरच्या डेकवर एक माणूस फरशी पुसत होता. “इथे कोणी बाई होत्या का?” तो म्हणाला, साहेब, वाऱ्यामुळे सकाळपासून हे दार बंदच होतं, आत्ताच उघडलं.

काचेवर मात्र, बाहेरच्या बाजूने, खारट पाण्याचे दोन डाग होते. तळव्याएवढे. त्याने माझ्यादेखत ते पुसून टाकले.

६

तो फोटो मी डिस्कवर घेतला नाही. आयुष्यात पहिल्यांदा एका गोष्टीची एकच प्रत ठेवली. कार्ड चष्म्याच्या घरात, चष्म्याच्या खाली.

दोन दिवसांनी जहाज बंदराला लागलं आणि आम्ही विमानाने घरी आलो.

तिच्यात काही खोट काढावी तर सापडत नव्हती. आमच्या दोघांशिवाय कोणाला ठाऊक नाहीत अशा गोष्टी मी बोलण्याच्या ओघात विचारल्या. सगळ्यांची उत्तरं बरोबर, काहींची माझ्यापेक्षा जास्त. तपासणीच्या निमित्ताने जुन्या विभागात नेलं. छातीच्या हाडाला बांधलेल्या तारा फिल्मवर मोजल्या. सहा. ऑपरेशननंतरही सहाच होत्या. जुनी फिल्म आणि नवी फिल्म दिव्यावर शेजारी लावून मी इतका वेळ उभा राहिलो की तंत्रज्ञ म्हणाला, “डबलराव, आता निवृत्त व्हा.”

लेक येऊन राहून गेली. आई किती सुधारली म्हणून खूश झाली. आईने चार दिवसांत एकदाही जहाजाचे फोटो बघायला मागितले नाहीत, हे लेकीच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. आल्या-गेल्याला फोटो दाखवल्याशिवाय चहा न देणारी बाई होती ती.

आणि एक झालं. मला तिला ‘ही’ म्हणता येईना. शेजारी विचारायचे, “वहिनी कशा आहेत?” मी म्हणायचो, “ती बरी आहे.” जीभ वळायचीच नाही.

एक दिवस ती भाजी निवडता निवडता म्हणाली, “त्या डिस्क पुसून टाका ना. कशाला जागा अडवून ठेवायची?”

मी त्याच संध्याकाळी जहाजाच्या कचेरीला फोन केला. तेच जहाज महिनाअखेरीला उलट निघणार होतं. पश्चिमेकडे. परतीच्या वाटेवर घड्याळ मागे घेतात का, बाराचे अकरा करतात का, एवढंच मला विचारायचं होतं. करतात म्हणाले. भर दुपारी.

ती दारात उभी राहून ऐकत होती.

“एकटे जाणार?”

“हो.”

“मी काय केलं हो?” तिने विचारलं. “जहाजावर त्या दिवशी तुम्ही म्हणालात, एक वाजला की सांगतो. मी अजून वाट बघतेय. सांगत का नाही?”

तिचे डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं. एवढं मला कळत होतं, आणि म्हणूनच मी रात्रभर तळमळलो. मी एका चांगल्या बाईला छळतोय का? वेड्यात काढावं असं माझंच काही झालंय का? सकाळी उठून बॅग भरली. तिने माझा स्वेटर घडी करून त्यात ठेवला.

“रोज फोन करा,” ती म्हणाली. “तेवढं तरी.”

७

निघाल्याच्या दुसऱ्याच दिवशी घड्याळ मागे घ्यायचं होतं. मी साडेअकराला काचेच्या खोलीत जाऊन बसलो. गर्दी कमी होती. शेजारच्या खुर्चीवर पिशवी ठेवली, कोणी बसू नये म्हणून. समोर चहाचे दोन कप मागवून ठेवले. बाहेरचा डेक उन्हात पांढराफटक पडला होता आणि वारा इतका की दोरांचा सूं सूं आवाज काचेतून आत येत होता.

“आता अकरा वाजले आहेत,” भोंगा म्हणाला.

लोक हसले. कोणीतरी म्हणालं, चला, एक तास फुकट मिळाला. पुढच्या पाच मिनिटांत सगळे निघून गेले. कोणी उठताना मला दिसलं नाही. मी घड्याळावरून मान वर केली तेव्हा खोलीत मी एकटा होतो.

फोन थरथरला. घरून. या खोलीत नेट मिळत नाही, हे मला ठाऊक होतं. तरी तिचा चेहरा स्वच्छ दिसला. मागे आमचं स्वयंपाकघर, ओट्यावर उपडं घातलेलं पातेलं.

“कुठे आहात?”

“वर. काचेच्या खोलीत.”

“दाखवा बघू.”

मी फोन हळूहळू खोलीभर फिरवला. खुर्च्या, टेबलं, काच, डेक. परत तोंडासमोर आणला तेव्हा ती पडद्याच्या अगदी जवळ आली होती. छत्तीस वर्षांत न पाहिलेला तिचा चेहरा मी पाहिला.

“अहो, तिथून उठा.”

“का?”

“केबिनमध्ये जा आणि दार लावून घ्या. मी पाया पडते तुमच्या. त्या दिवशी मी बघितलं होतं तिला. तुम्ही हात धरून बसला होतात आणि ती बाहेरून बघत होती. म्हणून मी तुमचा हात सोडला नाही. म्हणून फोटो बघत नाही मी. तुम्हाला कसं सांगू? अहो, ती मी नाहीये. ऐका, दार उघडू न—”

पडदा विझला. नेट गेलं.

मागे काचेवर टकटक झाली. नखांनी, हलकेच. मोठ्याने ठोठावायचं बळ संपलेल्या माणसासारखी.

मी उठलो. पाय आपोआप दाराकडे गेले. काचेपलीकडे जांभळी बाही होती, आणि तिच्या कोपरावर ठिगळ. डाव्या की उजव्या, ते बघायला हवं होतं. माझी नजर चेहऱ्यावर गेली आणि मग काही मोजता आलं नाही. ओठ फुटलेले होते. ती रडत होती, आणि मला बघून हसायचा प्रयत्न करत होती.

दार जड होतं. दोन्ही हातांनी ओढावं लागलं. वारा तोंडावर आदळला, डोळे मिटले गेले. माझ्या खांद्याला घासून कोणीतरी आत गेलं. ओल्या लोकरीचा वास आला.

“किती वेळ लावलात,” आवाज म्हणाला.

आवाज हिचाच होता. फोनवरचाही हिचाच होता.

दार मिटलं. मागे खुर्ची ओढल्याचा आवाज झाला, मग बशीवर कप ठेवल्याचा. ती माझी वाट बघतेय. हातातला फोन पुन्हा थरथरायला लागलाय, थांबतोय, परत थरथरतोय. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली आहेत. मी काचेकडे तोंड करून उभा आहे, आणि मला अजून वळायचं आहे.